जुन्या रुपयाचें खरें मोल

आमच्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं आजीच्या पेटींत, कपाटाच्या खणांत किंवा एखाद्या जुन्या बटव्यांत चांदीचे कांहीं रुपये जपून ठेवलेले असतात. कोणी त्यांस राणीछाप म्हणतो, कोणी कलदार म्हणतो, तर कोणी नुसते जुने बंदे रुपये म्हणतो. घरांत अडचण आली, मग ती मुलाच्या फीची असो, आजारपणाची असो कीं लग्नकार्याची असो, म्हणजे हे रुपये बाहेर निघतात. आणि नेमक्या त्या वेळीं त्यांचें मोल ठरविण्याचें ज्ञान घरांत कोणासहि नसतें.

या बाबतींत लोकांच्या दोन समजुती दिसून येतात व त्या दोन्ही नुकसानकारक आहेत. एक समजूत अशी कीं, जुना रुपया म्हणजे मोडीची चांदी. ती दुकानीं न्यावी व दुकानदार देईल ते पैसे घ्यावे. दुसरी समजूत याच्या अगदीं उलट आहे. नाणें जितकें जुनें तितकें अमोल, व आपल्या पेटींतील एका रुपयाचे कोणी तरी लाखों रुपये देईल, असें मानणारे लोकहि थोडे नाहींत. पहिल्या समजुतीनें घरची वस्तु कमी मोलानें जाते; दुसरीनें मनुष्य भामट्यांच्या हातीं सांपडतो. खरें मोल या दोहोंच्या मध्यें असतें व तें शोधून काढण्याची रीत अवघड नाहीं. शाळेंतील वजनकांटा, त्रैराशिकाचें गणित आणि डोळसपणें पाहण्याची संवय, एवढ्या साधनांवर तें काम बरेंचसें साधतें. तें कसें, हें आम्ही या लेखांत सांगूं इच्छितों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, एकाच नाण्याला तीन निरनिराळीं मोलें असूं शकतात. पहिलें, त्याजवर छापलेलें मोल. दुसरें, त्यांतील धातूचें मोल. तिसरें, नाणीं जमविणारा संग्राहक त्यासाठीं जें द्यावयास तयार होतो तें मोल. हीं तीन मोलें कधीं एकमेकांस चिकटून असतात, तर कधीं फार दूर जातात. आपल्या रुपयाचा इतिहास पाहिला म्हणजे हें स्पष्ट होतें. इ. स. १८३५ च्या कायद्यानें कंपनी सरकारनें आपल्या सर्व मुलुखांसाठीं एकच रुपया ठरविला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यांतील शुद्ध चांदी १६५ ग्रेन, म्हणजे बारा भागांपैकीं अकरा भाग, असें प्रमाण होतें. त्या काळीं चांदी टांकसाळींत नेऊन तिचे रुपये पाडून घेतां येत असत. त्यामुळें छापलेलें मोल व धातूचें मोल यांत फारसें अंतर पडत नसे. पुढें जगांत चांदीचा भाव उतरत गेला व १८९३ सालीं सरकारनें ही मोकळीक बंद केली. तेव्हांपासून रुपयाचें छापलेलें मोल त्यांतील चांदीहून अधिक झालें. पहिल्या महायुद्धांत याच्या उलट घडलें. चांदी इतकी महागली कीं, रुपये वितळविणें फायद्याचें होऊं लागलें. सरकारास तसें करण्यास मनाई करावी लागली, ३० नोव्हेंबर १९१७ रोजीं एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली, आणि १९१८ सालच्या पिटमन कायद्यान्वयें अमेरिकेकडून वीस कोटी औंस चांदी विकत घ्यावी लागली. आज त्या रुपयांवरील छापील मोलाला व्यवहारांत कांहीं अर्थ उरलेला नाहीं. तेव्हां आपणांस धातूचें व संग्राहकाचें अशा दोनच मोलांचा विचार करावयाचा आहे.

धातूचें मोल आधीं घेऊं, कारण तो सर्वांचा पाया होय. नाणें कितीहि सामान्य असलें तरी त्यांतील चांदीची किंमत काय, हें कळल्यावांचून तें विकावयास काढूं नये. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या पूर्ण वजनाच्या रुपयांत १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्याच प्रमाणानें चांदीच्या अधेलींत ५.३५, पावलींत २.६७ व चवलींत १.३४ ग्रॅम चांदी असते. नाणें झिजलेलें असल्यास त्याचें वजन प्रत्यक्ष करावें व येणाऱ्या आंकड्यास अकरांनीं गुणून बारांनीं भागावें. चांदीचा भाव रोज बदलतो. त्या दिवसाचा भाव पाहून घ्यावा. हिशेबाच्या सोयीसाठीं तो ग्रॅमला १०० रुपये धरला, तर एका रुपयांतील चांदी १,०६९ रुपयांची होते.

येथें एक मेख आहे व ती प्रत्येक पालकानें लक्षांत ठेवावी. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, पण आजच्या बाजारांत तोळा म्हणतांना पुष्कळदां १० ग्रॅम धरतात. आमच्या माहितींतील एका विद्यार्थ्याची आई चाळीस राणीछाप रुपये घेऊन एका दुकानीं गेली असतां, 'रुपया म्हणजे तोळा' असें म्हणून दुकानदारानें वजन न करतांच चाळीस तोळे, म्हणजे ४०० ग्रॅम, असा हिशेब मांडला व त्यांतून तांब्याचा बारावा हिस्सा वजा घालून ३६७ ग्रॅम चांदी धरली. मुलानें घरीं येऊन वहींत गणित केलें. चाळीस रुपयांचें खरें वजन ४६६ ग्रॅमांहून अधिक, व त्यांतील शुद्ध चांदी सुमारें ४२८ ग्रॅम! एका शब्दाच्या दोन अर्थांमुळें ६१ ग्रॅम चांदी हातची जाणार होती. नाणीं विकलीं गेलीं नव्हतीं म्हणून बरें झालें. यास्तव वजन नेहमीं ग्रॅममध्यें व आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावें; तोळ्यांत बोलूंच नये.

सर्वच रुपये मात्र एका कसाचे नाहींत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत १९४० पासून रुपयांतील चांदी निम्म्यावर आली. उरलेल्या भागांत तांबें, निकल व जस्त मिसळूं लागले. सहाव्या जॉर्जचें चित्र असलेल्या १९४० ते १९४५ च्या रुपयांत केवळ ५.८३ ग्रॅम चांदी आहे. हे रुपये ओळखण्याची खूण त्यांच्या कडेवर असते: उभ्या रेघांच्या मधोमध एक खोलगट पट्टी कोरलेली दिसते. १९४७ च्या, वाघाचें चित्र असलेल्या, रुपयांत चांदी मुळींच नाहीं. ते निकलचे आहेत व लोहचुंबकास चिकटतात. १९१९ च्या सुमारास निघालेल्या आठ आण्यांच्या व चार आण्यांच्या कांहीं नाण्यांत तांबें व निकल आहे. त्यांच्या रंगावरून तीं चांदीचीं समजूं नयेत. मराठवाड्यांतील घरांत हैदराबाद संस्थानचा, चारमिनारचें चित्र असलेला, हाली रुपया आढळतो. त्याचें वजन ११.१८ ग्रॅम व कस हजारांत ८१८; म्हणजे त्यांत ९.१४ ग्रॅम चांदी असते. महायुद्धाच्या काळांत तोहि हलक्या कसाचा झाला.

आतां नाणें खरें कीं खोटें, हें कसें पाहावें? पूर्वीं सराफ रुपया दगडावर वाजवून घेत, व 'खणखणीत नाणें' हा शब्दप्रयोग त्यांतूनच आपल्या भाषेंत आला. आज वाजविण्यापेक्षां वजनानें काम अधिक निर्धास्त होतें, आणि नाण्यास इजाहि पोंचत नाहीं. खरें नाणें झिजून हलकें होऊं शकतें, पण ठरलेल्या वजनाहून जड सहसा होत नाहीं. चांदीचें नाणें लोहचुंबकास चिकटत नाहीं. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं आर्किमिडीजचा नियम येथें उपयोगांत आणावा. नाणें बारीक दोऱ्यानें कांट्यास टांगून हवेंत तोलावें, मग पाण्यांत पूर्ण बुडवून तोलावें. जितकें वजन घटेल त्यानें हवेंतील वजनास भागावें. जुन्या कसाच्या रुपयाचें उत्तर १०.३ च्या आसपास येतें, कारण ११.६६ ग्रॅमचा रुपया पाण्यांत सुमारें १.१३ ग्रॅमनें हलका होतो. १९४० नंतरच्या रुपयाचें उत्तर ९.५ च्या आसपास येतें. जर्मन सिल्व्हर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, चांदीचा लेशहि नसलेल्या, मिश्रणाचें उत्तर नवाच्या खालींच राहतें. नाणें ओतींव असेल तर भिंगाखालीं बारीक भोंकें व कडेवर सांध्याची रेघ दिसते. टांकसाळीच्या नाण्यांत अक्षरांच्या कडा स्वच्छ उठलेल्या असतात.

धातूचें मोल समजलें म्हणजे संग्राहकाच्या मोलाकडे वळावें. येथें तीन गोष्टींचा विचार असतो: नाणें किती दुर्मिळ आहे, किती चांगल्या स्थितींत आहे, आणि त्यास मागणी किती आहे. नुसत्या वयाला फारसें महत्त्व नाहीं. आपल्या देशांत सांपडणारीं आहत नाणीं, म्हणजे चांदीच्या तुकड्यावर ठसे मारून केलेलीं नाणीं, दोन हजार वर्षांहून जुनीं आहेत. तरी त्यांचे मोठाले साठे सांपडले असल्यामुळें त्यांतील सामान्य प्रकार फार महाग नसतात. उलट, त्यांच्यापुढें कालचाच म्हणावा असा १९३९ चा रुपया अत्यंत दुर्मिळ आहे. जुन्या कसाचा तो शेवटचा रुपया. त्यांतील फारच थोडे वितळण्यांतून वांचले. १९१८ सालीं मात्र मुंबई व कलकत्ता या दोन्ही टांकसाळींत प्रत्येकीं वीस कोटींहून अधिक रुपये पडले. म्हणून त्या सालच्या झिजलेल्या रुपयास चांदीच्या भावाहून फारसें अधिक मिळत नाहीं. १९११ च्या रुपयाची कथा मौजेची आहे. पांचव्या जॉर्जच्या पोषाखावरील हत्ती इतका चमत्कारिक उठला कीं, तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. त्या रुपयांपैकीं बहुतेक वितळविण्यांत आले व पुढच्या सालापासून हत्ती नीट सोंडेसह कोरण्यांत आला. त्यामुळें १९११ चा रुपया संग्राहक आवडीनें घेतात.

नाण्यावरील सालहि समजून वाचावें लागतें. १८६२ चें साल असलेले रुपये त्याच वर्षीं पाडलेले असतील असें नाहीं. १८७४ पर्यंत तेंच साल कायम ठेवण्यांत आलें होतें, व मुंबईच्या टांकसाळींत वर्ष दाखविण्यासाठीं बारीक ठिपके घालीत. तेव्हां सारख्या दिसणाऱ्या दोन रुपयांत ठिपक्यांच्या संख्येवरून मोलाचा फरक पडूं शकतो. साल कायम ठेवण्याची चाल याहूनहि जुनी आहे. मोंगल अमदानींत नाण्यावर बादशहाच्या कारकीर्दीचें वर्ष असे, आणि मागल्या वर्षांच्या नाण्यांवर सराफ बट्टा घेत. गरीब शेतकऱ्याच्या हातीं बहुधा जुनेंच नाणें येई, म्हणून बट्ट्याचा भार त्याजवरच पडे. ही अडचण टाळण्यासाठीं बंगाल्यांत कंपनीनें शाह आलम बादशहाचें एकोणिसावें वर्षच पुढें अनेक वर्षें रुपयांवर कायम ठेविलें.

मराठी अमदानीच्या रुपयांविषयीं तर हमखास घोटाळा होतो. पेशव्यांच्या काळीं पुणें, चांदवड, बागलकोट, नागपूर इत्यादि ठिकाणीं टांकसाळी चालत असत. परंतु त्या नाण्यांवर फारशी अक्षरांत दिल्लीच्या बादशहाचें नांव असे. पुण्याच्या अंकुशी रुपयावर अंकुशाची खूण असते, एवढ्यावरून जाणकार तो ओळखतो. फारशी अक्षरें पाहून 'हें आपल्याकडचें नव्हे' असें म्हणून असें नाणें कोणी मोडींत घालूं नये. मात्र या नाण्यांचा कस टांकसाळीगणिक भिन्न असे; अकरा-बारांचा हिशेब त्यांस लागू पडत नाहीं.

नाण्याची स्थिति पाहतांना त्याच्या उंच भागांकडे लक्ष द्यावें, कारण झीज तेथें आधीं होते. राणीछाप रुपयांत कानावरील केस, मुकुटांतील रत्नें व पोषाखावरील वेलबुट्टी स्पष्ट असतील तर नाणें चांगलें समजावें. कडी जोडून माळेंत ओंवलेलें, भोंक पाडलेलें, किंवा सराफांनीं पारखतांना ठसे मारलेलें नाणें संग्राहकाच्या दृष्टीनें उणें ठरतें. याहून मोठें नुकसान आपणच आपल्या हातांनीं करितों, तें म्हणजे घासण्याचें. दर दिवाळीस पूजेसाठीं राखेनें किंवा चिंचेनें घासून लख्ख केलेलीं नाणीं आपणांस सुंदर दिसतात. पण चांदीवर वर्षानुवर्षें जमलेली काळसर झांक हीच संग्राहकाला नाणें अस्पर्श असल्याची साक्ष वाटते. घासल्यानें बारीक ओरखडे पडतात व ते पुन्हां कोणत्याहि उपायानें जात नाहींत. म्हणून विकावयाचें असो वा नसो, जुनें नाणें घासूं नये. तें कडेनें धरावें, आणि कोरड्या कागदी पाकिटांत वेगळें ठेवावें.

आतां लाखों रुपयांच्या आशेविषयीं. 'अमुक सालचें नाणें आम्हांस द्या, आम्ही लाख रुपये देतों' अशा जाहिराती सर्वत्र दिसतात. त्यांची रीत ठराविक असते. आधीं नाण्याचें छायाचित्र मागवितात, मग भरमसाट किंमत कबूल करितात, व शेवटीं नोंदणीची फी किंवा कर म्हणून कांहीं रक्कम आगाऊ मागतात. ती पाठविली म्हणजे पुढें कोणाचा पत्ता लागत नाहीं. या कामीं भारतीय रिझर्व्ह बँकेचें नांव वापरलें जाऊं लागल्यामुळें, आपण अशा व्यवहारांत पडत नाहीं व त्यासाठीं कोणतीहि फी घेत नाहीं, असें बँकेला ऑगस्ट १९२१ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे ऑगस्ट २०२१ मध्यें, जाहीर करावें लागलें. विकत घेणारा कधीं विकणाऱ्याकडून पैसे मागत नाहीं, एवढी एक खूणगांठ पुरे आहे. तसेंच १८१८ चें साल व देवदेवतांचीं चित्रें असलेलीं, कंपनीचीं म्हणून खपविलीं जाणारीं, 'अर्ध्या आण्याचीं' नाणीं हीं अलीकडे तयार केलेलीं आहेत. कंपनीनें तसलीं नाणीं कधींच काढलीं नाहींत.

कायद्याच्याहि दोन गोष्टी ठाऊक असाव्या. शेत नांगरतांना किंवा पाया खणतांना जमिनींत दडलेलें, दहा रुपयांहून अधिक किंमतीचें द्रव्य सांपडल्यास १८७८ च्या कायद्यानें जिल्हाधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहे. आणि शंभर वर्षांहून जुनें नाणें १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तूंत मोडत असल्यामुळें तें खासगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहीं. हे नियम जाचक वाटण्याचा संभव आहे. म्हणून त्यांचें कारण एका उदाहरणानें सांगतों. इ. स. १९०६ मध्यें नाशिकजवळ जोगळटेंभी येथें चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सांपडला. तीं नाणीं क्षत्रप राजा नहपान याचीं होतीं. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णि यानें आपला ठसा पुन्हां उमटविलेला होता. एका राजानें दुसऱ्याचा पराभव करून त्याचें चलन आपलेंसें केलें, ही गोष्ट त्या ठशांनीं सिद्ध केली. ती चांदी मुशींत गेली असती तर तिचे कांहीं पैसे आले असते, आणि महाराष्ट्राच्या इतिहासांतील एक मोठा पुरावा धुरासारखा नाहींसा झाला असता.

शेवटीं, नाणीं विकण्याची वेळ आलीच तर काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. प्रथम सर्व नाण्यांची यादी करावी; प्रत्येकाचें साल, राजाचें नांव, वजन व टांकसाळीची खूण लिहावी. मग चांदीचा हिशेब स्वतः करावा. त्यानंतर दुर्मिळ वाटणारीं नाणीं निराळीं काढून किमान दोघां-तिघां जाणकारांस दाखवावीं. दुकानांत किंवा जाहिरातींत कोणी किती मागतो यावर जाऊं नये. तशाच स्थितींतलें तेंच नाणें लिलावांत खरोखर कितीला गेलें, तें पाहावें. ओळख पटत नसल्यास मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांतील नाण्यांचें दालन, रिझर्व्ह बँकेचें नाण्यांचें संग्रहालय, किंवा नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्राची संस्था येथें जाऊन खरीं नाणीं पाहिल्यानें पुष्कळ बोध होतो. सामान्य रुपये चांदीच्या भावानें विकण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. ज्यानें ते सांठविले त्यानें घरच्या अडचणीसाठींच सांठविले होते. परंतु तो भाव पुरता पदरांत पडावा, आणि जें नाणें मुशींत जाण्याच्या योग्यतेचें नाहीं तें तीत जाऊं नये.

विद्यार्थ्यांनीं या सुटींत आपल्या घरचीं नाणीं वडील माणसांच्या परवानगीनें पाहावीं, तोलावीं व यादी करावी. त्या यादींत आणखी एक रकाना ठेवावा: हें नाणें घरांत कोणी व कोणत्या प्रसंगीं आणलें. तो रकाना भरण्यासाठीं आजी-आजोबांस विचारावें लागेल, आणि त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणास तो भरतां येणार नाहीं.